दोन पाळ्यांचा हिशोब

*प्रिय मावशी,*

*मी भिवंडीजवळच्या एका गोदामात पॅकिंगला आहे. वय २७, पहिलंच बाळंतपण. पगार २४ हजार, ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापत नाहीत. १ जुलैपासून आमचा कंत्राटदार बदलला. काम तेच, जागा तीच, सुपरवायझरही तोच. रजेचं विचारायला गेले तर नव्या कंत्राटदाराच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, "तुझे ८० दिवस भरत नाहीत. सरळ राजीनामा दे, बाळ मोठं झालं की परत घेऊ." मी थंब लावलेले दिवस मोजले, २६ सप्टेंबरपर्यंत ६८ होतात. जुलैत पाणी भरलं तेव्हा दोन दिवस आम्हाला गेटवरूनच परत पाठवलं होतं, ते धरलेले नाहीत. १५ ऑगस्ट आणि गणेश चतुर्थी या भरपगारी सुट्ट्याही धरलेल्या नाहीत.*

*त्यात तारखांचा घोळ. माझी शेवटची पाळी २ फेब्रुवारीची. त्यावरून ९ नोव्हेंबर येते. तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीत १७ नोव्हेंबर लिहिलंय आणि परवाच्या सोनोग्राफीत ४ नोव्हेंबर. सासूबाई म्हणतात नऊ महिने नऊ दिवस, म्हणजे ११ तारीख. ऑफिसला कुठली सांगू? रजा बाळासाठी उरावी म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत काम करायचं मनात आहे. ओव्हरटाइमही घेतेय, म्हणजे रजेचा पगार वाढेल. पण कामावर असतानाच कळा सुरू झाल्या तर? आणि खऱ्या कळा ओळखायच्या कशा?*

*– आठवा महिना, भिवंडी*

अगं आठव्या महिन्या,

तुझं पत्र २७ सप्टेंबरचं. घाईचं होतं म्हणून तुला त्याच रात्री थोडक्यात कळवलं. इथे सविस्तर लिहिते, कारण असा घोळ झालेली तू एकटी नाहीस.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला ३२ वर्षं काढली. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, कोणाची पाळी बदलली, कोणाची चुकली, दिवसभर हेच. एकदा असेंब्लीतली एक नवी मुलगी खिडकीशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, माझी पाळी चुकली." मी रजिस्टर उघडून विचारलं, "कुठली, सकाळची का दुपारची?" ती रडायलाच लागली. तेव्हापासून माझ्या डोक्यात या दोन पाळ्या शेजारी शेजारी बसल्या आहेत, आणि तुझ्या पत्रात त्या दोघी एकदमच आल्या.

आधी तारखेचं बघू, कारण रजेचा सगळा हिशोब तिच्यावर उभा आहे.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवायचे, ही नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या नावाने चालणारी जुनी रीत. २ फेब्रुवारीत मिळवले की ९ नोव्हेंबर. तुझ्या बाबतीत मोजून २८० दिवस होतात. पण या रीतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की पाळी दर २८ दिवसांनी येते आणि मधोमध, चौदाव्या दिवसाच्या आसपास गर्भ राहतो. तुझी पाळी किती दिवसांनी येते हे तू पत्रात लिहिलं नव्हतंस. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "पस्तीस दिवसांनी, नेहमीच." झालं की मग! तुझ्यात गर्भच आठवडाभर उशिरा राहिला. ९ मध्ये ७ मिळव, १६ नोव्हेंबर. पहिल्या सोनोग्राफीची १७ तारीख आणि ही तारीख जवळजवळ एकच आहेत.

तिसऱ्या महिन्यापर्यंत सगळी बाळं साधारण एकाच वेगाने वाढतात, म्हणून तेव्हा डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजली की वय नेमकं कळतं. नवव्या ते चौदाव्या आठवड्यात केलेली सोनोग्राफी पाळीच्या तारखेपेक्षा सात दिवसांहून जास्त वेगळी आली तर डॉक्टर सोनोग्राफीची तारीख धरतात. तुझ्यात फरक आठ दिवसांचा आहे. पुढे मात्र बाळं आपापल्या घराण्यावर जातात, कोणी अंगाने भरतं, कोणी काटकुळं राहतं. आठव्या महिन्यातलं यंत्र बाळाचं डोकं, पोट, मांडीचं हाड मोजतं आणि या मापाचं बाळ साधारण किती आठवड्यांचं असतं ते छापतं. तुझं बाळ जरा दणकट असणार, म्हणून ४ नोव्हेंबर आलं. त्यात वीसेक दिवसांचीही चूक होऊ शकते. त्या सोनोग्राफीचं काम बाळाची वाढ, पाणी आणि वार बघण्याचं. तारीख बदलणं हे तिचं काम नव्हे. तरीही प्रत्येक रिपोर्टवर नवी तारीख छापून येते आणि बायका दर वेळी नव्याने दिवस मोजायला बसतात. माझी भाची तर चार रिपोर्ट घेऊन चार मुहूर्त काढून बसली होती.

तेव्हा तारीख १७ नोव्हेंबर. डॉक्टरांना सांग, "फाइलवर आणि सर्टिफिकेटवर हीच एक तारीख लिहा." ऑफिसला तेच सर्टिफिकेट दे. सोनोग्राफीचे रिपोर्ट देऊ नकोस. हातात तीन तारखा पडल्या तर ते आपल्या सोयीची उचलतील.

सासूबाईंना मात्र हसू नकोस. मी एकदा बसून त्यांच्या 'नऊ महिने नऊ दिवसां'चा हिशोब केला होता. इंग्रजी महिने डोक्यातून काढ आणि तिथीचे धर. अमावास्या ते अमावास्या साडेएकोणतीस दिवस आणि वर थोडे मिनिट. असे नऊ महिने म्हणजे २६६ दिवस. आणि गर्भ राहिल्यापासून जन्मापर्यंतचा सरासरी काळ धरतात तोही २६६च! वरचे नऊ दिवस ही, मला वाटतं, बाळाला दिलेली सवलत. आमच्याकडे पंचिंगला दहा मिनिटांची सवलत असायची, त्यानंतर लाल शेरा. जुन्या बायकांनी बाळांसाठी नऊ दिवसांची ठेवली.

बाळांना ती लागतेच. सांगितलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. बाकीची मागे-पुढे. ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळ वेळेवरचं धरतात. तुझा तो दिवस २७ ऑक्टोबर. ४१ आठवडे २४ नोव्हेंबरला होतात आणि ४२ आठवडे १ डिसेंबरला, तिथपर्यंत सहसा डॉक्टर थांबू देत नाहीत. म्हणजे तुझ्या घरी पाहुणा २७ ऑक्टोबर ते नोव्हेंबरअखेर कधीही येईल. पहिलटकरणीचं बाळ थोडं रेंगाळतं, तेही धरून ठेव.

ही मागेपुढेची गंमत मला फार महाग पडली होती. १९९१ साली माझ्या थोरलीच्या वेळी डॉक्टरांनी ३ जून सांगितली. तेव्हा रजा १२ आठवड्यांची, त्यातले जास्तीत जास्त सहा बाळंतपणाआधी घेता यायचे. मी पडले हिशोबाची बाई. बरोबर सहा आठवडे आधी, २२ एप्रिलला रजेवर गेले. थोरली आली १४ जूनला. तोवर ८४ दिवसांतले ५३ संपलेले. उरले ३१, ते १४ जुलैला संपले. पण बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर घ्यायचं नाही, असाही कायदा. म्हणजे २६ जुलैपर्यंत मी घरीच, आणि शेवटचे बारा दिवस बिनपगारी. दुसऱ्यांच्या हजेऱ्या लावणाऱ्या बाईची स्वतःची हजेरी अशी चुकली. नवरा अजून टोमणा मारतो.

तुझ्यासाठी आता २६ आठवडे आहेत, म्हणजे १८२ दिवस. २०१७ च्या दुरुस्तीने ही रजा पहिल्या दोन मुलांसाठी १२ वरून २६ आठवडे झाली. त्यातले आधी घेता येतात ते जास्तीत जास्त आठ. मातृत्व लाभाचा १९६१ चा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, पण ८० दिवस आणि २६ आठवडे हे आकडे तेच राहिले. तारखेच्या आठ आठवडे आधी म्हणजे २२ सप्टेंबर, ती तारीख उलटून गेली. तेव्हा आजही तू रजेवर जाऊ शकतेस. प्रश्न ८० चा.

नियम असा आहे: अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे निदान ८० दिवस काम झालेलं हवं. यात तासांची अट नाही. बारा तासांची शिफ्ट केलीस तरी एक दिवस, रात्रपाळी दोन तारखांवर पसरली तरी एक दिवस, आणि तपासणीला म्हणून अर्ध्या शिफ्टला निघालीस तरी काम केलेला दिवस. सुपरवायझर दोन अर्धे मिळून एक लिहीत असेल तर त्याला तिथेच थांबव.

आता त्या ऑफिसातल्या माणसाने तुला न सांगितलेली गोष्ट. ८० मोजताना भरपगारी सुट्ट्या धरायच्या असतात, आणि कामावर हजर होऊनही मालक काम देऊ शकला नाही, ज्याला आपण ले-ऑफ म्हणतो, तेही दिवस धरायचे असतात. १५ ऑगस्ट आणि गणेश चतुर्थी मिळून तुझे ६८ चे ७० झाले. पाणी भरलं तेव्हा तू गेटपर्यंत गेली होतीस, परत त्यांनी पाठवलं. माझ्या मते ते दोन दिवस ले-ऑफच, म्हणजे ७२. ते दोन दिवस मस्टरवर 'गैरहजर' असे पडले आहेत का, हे आधी बघ. पडले असतील तर लेखी हरकत घे. त्या दिवशीचा ग्रुपवरचा 'आज परत जा' असा मेसेज पुरावा म्हणून ठेव.

उरले आठ. २८ सप्टेंबरच्या सोमवारपासून मोज: २८, २९, ३०, मग १ ऑक्टोबर, २ ऑक्टोबरची सुट्टी भरपगारी म्हणून तीही, मग ३, मधला रविवार सोडून ५ आणि ६. मंगळवारी ६ ऑक्टोबरला संध्याकाळी ८० भरतात. समजा त्यांनी अडून बसून एकही सुट्टी आणि ले-ऑफ धरला नाही, तरी नुसत्या थंबच्या हिशोबाने १२ ऑक्टोबरला भरतात. म्हणजे "भरत नाहीत" हे त्याचं म्हणणं २६ सप्टेंबरला खरं होतं आणि पंधरा दिवसांत खोटं ठरणार होतं. हे त्यालाही माहीत असणार. म्हणून राजीनाम्याची घाई.

राजीनाम्यावर सही करायची नाही. कोऱ्या कागदावर नाही, 'फक्त रेकॉर्डसाठी' म्हणून नाही. बाळंतपणाच्या कारणाने कामावरून काढणं बेकायदा आहे. राजीनामा दिलास तर मात्र तू स्वतःहून गेलीस असं होतं, आणि तो माणूस तेवढंच दाखवेल.

आणि जुलैच्या आधीचे महिने? जागा तीच, काम तेच, फक्त पाटी बदलली, असा तुझा मुद्दा आहे आणि तो दमदार आहे. त्यावर वाद होऊ शकतो, म्हणून तो खिशात ठेव, ८० भरल्यावर गरजच पडणार नाही. पण जुन्या कंत्राटदाराच्या पगाराच्या स्लिपा फेकू नकोस. कंत्राटी बाईला हा हक्क नाही असं कोणी म्हणालं तर इतकंच सांग: दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या, मस्टर रोलवरच्या बायकांना सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच हा लाभ दिला आहे. २०२३ मध्ये तर त्याच न्यायालयाने कराराची मुदत संपल्यानंतरच्या काळासाठीही तो मिळेल असं सांगितलं. तरीही अडवलं तर ठाण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार. तिथे तू स्वतः ठेवलेल्या हजेरीच्या वहीच्या झेरॉक्स लागतील.

म्हणून अशी वही हवीच. थंब मशीन त्यांचं, सॉफ्टवेअर त्यांचं, आणि बिघडतं तेव्हा बरोबर तुझीच हजेरी गायब होते. एक शंभर पानी वही घे, मोबाइलमधलं अ‍ॅप नको. मोबाइल पाण्यात पडतो. रोज एक ओळ: तारीख, आत आलेली वेळ, बाहेर पडलेली वेळ, जेवणाची सुट्टी, काय काम केलं, उभ्याने का बसून, सुपरवायझर कोण. माझ्याकडची सगळ्यात चांगली वही एका कँटीनवालीची होती. तिला लिहिता येत नव्हतं. ती रोज आल्यावर कॅलेंडरच्या चौकोनात काडीने हळदीचा ठिपका लावायची, डबल ड्यूटीला दोन. मशीनने तिचे अकरा दिवस खाल्ले तेव्हा तिने ते कॅलेंडर माझ्या टेबलावर आपटलं. कामाच्या महिन्यात रोज हात लागून पिवळं पडलेलं ते पान बघून साहेबांनाही काही बोलता आलं नाही. तुला तर लिहिता येतं. रोजची ओळ त्याच दिवशी लिही, आठवड्याची एकदम नको. एकाच शाईत, एकाच दमात लिहिलेली सात दिवसांची हजेरी मला लांबून ओळखू यायची. महिनाअखेर सुपरवायझरला मेसेज टाक, "दादा, माझे या महिन्याचे इतके दिवस झाले, बरोबर ना?" त्याचा नुसता अंगठा आला तरी तो पुरावा.

ओव्हरटाइम आजपासून बंद कर. तुझा समज चुकला आहे. रजेचा पगार ठरतो तो रजेवर जायच्या आधीच्या तीन महिन्यांत काम केलेल्या दिवसांच्या सरासरीवर, आणि त्या हिशोबात ओव्हरटाइमची कमाई धरत नाहीत. म्हणजे पाय सुजवून तू जे जास्तीचे तास भरतेस, त्याचे दुप्पट दराचे पैसे त्या महिन्याच्या पगारात येतील तेवढेच. रजेच्या पगारात एक पैसाही वाढणार नाही. आणि ८० च्या मोजणीतही तासांना किंमत नाही, हे वर सांगितलंच.

आणखी एक हक्क तू वापरतच नाहीयेस. अपेक्षित तारखेच्या सहा आठवडे आधीचा जो एक महिना, त्यात बाईने मागितलं तर तिला जड किंवा तासन्‌तास उभं राहायचं काम द्यायचं नाही. तुझे सहा आठवडे ६ ऑक्टोबरपासून मोजायचे, म्हणजे हा महिना ६ सप्टेंबरलाच सुरू झाला. पुढच्या सहा आठवड्यांतही रजा न घेता काम चालू ठेवलंस तर हेच लागू होतं, आणि असं हलकं काम दिलं म्हणून पगार कापता येत नाही. उद्या सकाळी दोन ओळी लिहून दे: "मला उभ्याने पॅकिंग झेपत नाही, स्कॅनिंगला किंवा लेबलिंगला बसवा." त्याच्या प्रतीवर पोच घे.

आता तुझा खरा प्रश्न, कधीपर्यंत काम करायचं. शेवटच्या दिवसापर्यंत, हे मला मान्य नाही. गोदामातून रुग्णालय किती लांब, रस्त्यात कंटेनरची रांग किती, हे तुला माझ्यापेक्षा माहीत. २२ सप्टेंबरला रजा घेतली असतीस तर ती २२ मार्चला संपली असती, बाळ जेमतेम चार महिन्यांचं. २७ ऑक्टोबरला, म्हणजे ३७ आठवडे पूर्ण होताना, रजेवर गेलीस तर ती २६ एप्रिलपर्यंत पुरते आणि बाळ सव्वापाच महिन्यांचं होतं. १७ तारखेपर्यंत ओढलंस तर आणखी फक्त तीन आठवडे मिळतात, पण ते तीन आठवडे म्हणजे नेमके कळा कुठल्याही क्षणी सुरू होतील असे. माझा कौल २७ ऑक्टोबरला. रक्तदाब वाढला, साखर आली, डॉक्टरांनी आराम सांगितला, तर ६ ऑक्टोबरची संध्याकाळ झाली की घरी. आणि डॉक्टरांनी त्याच्याही आधी थांब म्हटलं तर आधी थांब. ८० चं भांडण आपण कागदावर भांडू. बाळ लवकर आलं तर आधीची न वापरलेली रजा नंतर मिळते. वेळेआधीचं बाळंतपण झालं किंवा त्यातून आजारपण आलं तर दाखल्यावर आणखी एक महिना पगारी रजाही मागता येते.

पैशाचं घाईत सांगते. बाळंतपणाआधीच्या काळाचे पैसे सर्टिफिकेट दिल्यावर आगाऊ, उरलेले बाळाच्या जन्माचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत. मालकाने मोफत वैद्यकीय सोय दिली नसेल तर साडेतीन हजारांचा वैद्यकीय बोनस वेगळा. रजेचा अर्ज द्यायचा राहिला आणि बाळ आधी आलं, तर नंतर दे, तेवढ्याने हक्क जात नाही. रविवारही या पैशात धरायचे असतात, आठवडा सात दिवसांचा. ज्या वाचकांचं ईएसआय कापलं जातं त्यांचा मार्ग वेगळा, त्यांना पैसे विमा महामंडळ देतं आणि तिथे ८० ऐवजी ७० दिवसांची वर्गणी बघतात. तुझा पगार २१ हजारांच्या वर, म्हणून तुझं कंत्राटदाराकडून.

वही उलटी कर. शेवटच्या पानापासून बाळाची हजेरी.

जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पड आणि हालचाली मोज. दोन तासांत दहा भरल्या की बाळ हजर. नाही भरल्या, किंवा रोजच्यापेक्षा बाळ गप्प वाटलं, तर उद्यापर्यंत वाट बघायची नाही. कामावर असलीस तरी निघायचं.

कळांचं म्हणशील तर, पोट दगडासारखं घट्ट होणं आणि सुटणं तुला आताही जाणवत असेल. त्या खोट्या कळा. पाणी प्यायलं, जागा बदलली, पडून राहिलं की विरतात, आणि त्यांना वेळापत्रक नसतं. खऱ्यांना असतं. घड्याळ घे आणि एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत मोज. पुष्कळ जणी एक संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत मोजतात आणि फसतात. शिवाय प्रत्येक कळ किती वेळ टिकली तेही लिही. अशी एक ओळ बघ: "२.१० – ५० सेकंद, २.१७ – ५५, २.२३ – ६०, २.२८ – ६०." अंतर सात, सहा, पाच मिनिटं. जवळ येताहेत, लांबताहेत, चालताना बोलणं तुटतंय, म्हणजे खऱ्या. पहिल्या बाळाला साधारण दर पाच मिनिटांनी, एक मिनिट टिकणारी, आणि असं तासभर चाललं की निघायचं असं सांगतात. भिवंडीच्या रस्त्यांना मी पाच मिनिटांपर्यंत थांबणार नाही. तू डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेव, "मी अमुक ठिकाणाहून येणार, किती मिनिटांवर निघू?"

घड्याळ बाजूला ठेवून तडक निघायचं ते चार वेळा: २७ ऑक्टोबरच्या आधी ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्या तर, पाणी गेलं तर, आणि ते हिरवट-तपकिरी असेल तर धावतच, लाल रक्त गेलं तर, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली तर. पाणी गेल्याची वेळ वहीत लिही, आत गेल्यावर पहिला प्रश्न तोच असतो. १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर नवऱ्याच्या, सुपरवायझरच्या आणि शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीच्या फोनमध्ये टाक.

आणि तिथे पोचल्यावर "अजून वेळ आहे" म्हणून घरी पाठवलं तर रागावू नकोस. सुरुवातीच्या कळा पहिलटकरणीला रात्ररात्र चालतात. गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर खरा वेग येतो असं जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून धरते. तिथून पूर्ण उघडेपर्यंत पहिल्या वेळी सहसा बारा तासांच्या वर लागत नाहीत, आणि पुढे बाळ बाहेर यायला तीन तासांपर्यंत. दर तासाला एक सेंटिमीटर झालंच पाहिजे, हा जुना धोशा आता त्यांनी सोडला आहे. प्रसूतिगृहातल्या सिस्टर एका आलेखावर कळा, बाळाचे ठोके, तोंड किती उघडलं ते वेळेसकट लिहीत असतात. थोरलीच्या वेळी मी तशा अवस्थेतही मान वळवून तो कागद बघत होते. सिस्टर म्हणाल्या, "बाई, हे मस्टर आमचं आहे, तुम्ही तुमचं काम करा."

६ तारखेला थंब लावून बाहेर पडलीस की वहीतला आकडा मला कळव. आणि सर्टिफिकेटवर १७ नोव्हेंबरच लिहिलंय ना, ते स्वतः वाचून घे. कंपाउंडर पुष्कळदा शेवटचा रिपोर्ट बघून उतरवतो.

तुझी,
मावशी